पावागडची दरी
बडोद्याच्या दांडिया बाजारातली मराठी मंडळी पावागडला जातात ती कालिकामातेच्या दर्शनाला. गड शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर. दंतकथा अशी, की इथल्या खोल दरीत विश्वामित्र ऋषींची गाय पडली. पुन्हा तसे होऊ नये म्हणून देवाने दरीत डोंगर बसवला. पाऊण भाग आत गेला, पाव वर राहिला, तो पावागड. १४८४ साली महमूद बेगड्याने तो जिंकला. अठराव्या शतकात शिंद्यांकडे आला. १८५३ पर्यंत त्यांचा कारभार होता. याच डोंगरात उगम पावणारी विश्वामित्री बडोद्यातून वाहते. ऑगस्ट २०२४ मध्ये तिचे पाणी शहरात शिरले. कथेतली दरी बुजली, पण पाणी आपली वाट विसरत नाही. आपल्या गोव्यातही डोंगर कापताना, शेते बुजवताना हे आठवावे.