जीपच्या मीटरमागचा मिणमिणता दिवा



आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नातून आला. भिलाईला राहणारं मराठी कुटुंब, आणि दारात आजोबांच्या वेळची महिंद्राची जीप. प्रश्न साधा होता: रात्री डॅशबोर्डवरचे मीटर नीट दिसत नाहीत, आतले जुने बल्ब काढून एलईडी टाकू का? ‘टाका’ किंवा ‘नका टाकू’ एवढं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण तो दिवा मुळात मंद का ठेवला, हे कळल्याशिवाय धड उत्तर देता येत नाही. आणि ते शोधत गेलं की आपण थेट दुसऱ्या महायुद्धात जाऊन पोचतो.

भिलाईचा आणि आपला काय संबंध, असं पुण्या-मुंबईच्या मंडळींना वाटेल. नागपूरकरांना वाटणार नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. पुढच्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि दुर्ग नव्या मध्य प्रदेशात राहिला. रेल्वेचे रूळ मात्र होते तिथेच होते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि भिलाईत देशभरातून माणसं आली, त्यात मराठीही होती. कारखान्याचं लोहखनिज येतं दक्षिणेकडच्या दल्ली-राजहराच्या खाणींतून. टाउनशिपचे दिवे मागे पडले की त्या बाजूला रात्री काळोख असतो. हा काळोख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता जीप. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपगाड्या बांधल्या. गाडीची वीज सहा व्होल्टची. डॅशबोर्डवर पाच वेगवेगळे गोल मीटर: वेग, पेट्रोल, इंजिनाचं तापमान, ऑइल प्रेशर आणि अँपिअर. त्यांना उजेड द्यायला आतून काही नाही. वर टोपी घातलेले दोन छोटे दिवे, प्रकाश फक्त खाली मीटरवर पडावा अशा बेताने लावलेले. कारण उघड आहे. विमानातून किंवा समोरच्या टेकडीवरून शत्रूला गाडी दिसता कामा नये. पुढचे ब्लॅकआउटचे दिवेही तसेच, झापड लावलेले. हेडलाइट चुकून लागू नयेत म्हणून मुख्य स्विचला अडकण ठेवलेली होती. ती दाबल्याशिवाय स्विच पूर्ण बाहेर येतच नसे.

ब्लॅकआउट म्हणजे काय, हे आपल्याकडच्या जुन्या पिढीला समजावून सांगावं लागत नाही. १९६५ आणि १९७१ मध्ये मुंबईत खिडक्यांना काळे कागद लागले होते आणि गाड्यांच्या हेडलाइटचा वरचा भाग काळा रंगवला जात होता. युद्ध संपलं तरी कित्येक ट्रकांवर तो काळा पट्टा तसाच राहिला. सवयी अशाच राहतात.

जीपच्या बाबतीतही तेच झालं. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत माझगावला विलिसच्या सुट्या भागांतून जीप जोडायला सुरुवात केली. कंपनीचं आधीचं नाव महिंद्र अँड मोहम्मद. त्यातले भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पण ती गोष्ट पुन्हा कधीतरी. पुढे नागरी जीपमध्ये बरेचसे मीटर एकाच गोल डब्यात आले आणि दिवे डब्याच्या आत गेले. सहा व्होल्टची वीज बारा व्होल्टवर गेली. सरकारी दौरे, निवडणुका, विदर्भातल्या काळी-पिवळी, सगळीकडे जीप धावली. दिवा मात्र दोन-तीन वॅटचाच राहिला.

याला कंजुषी म्हणणं मला पटत नाही. शत्रू गेला, पण ड्रायव्हरचा डोळा तोच होता. अंधारात गेल्यावर डोळ्याला पूर्ण सरावायला साधारण अर्धा तास लागतो. मंद प्रकाशात पाहणाऱ्या पेशी पांढऱ्या-निळ्या उजेडाने फार लवकर दिपतात, तांबड्याने त्या मानाने कमी. म्हणून युद्धकाळात कित्येक विमानांच्या कॉकपिटमध्ये तांबडे दिवे असत. हनुवटीखाली लख्ख पांढरा डॅशबोर्ड पेटलेला असेल, तर हेडलाइटच्या कडेला उभी असलेली गाय किंवा बिनदिव्याची सायकल उशिरा दिसते. राजहराच्या रस्त्यावर हा फरक जिवावर बेतू शकतो.

मधेच एक इशारा. आपल्याकडे ‘रेडियम’ म्हटलं की नंबरप्लेटवरचा चमकणारा स्टिकर डोळ्यासमोर येतो. महायुद्धातल्या काही लष्करी मीटरांच्या काट्यांवर मात्र खरं रेडियम आहे, मेरी आणि पिएर क्युरींनी १८९८ मध्ये शोधलेलं. त्यातला चमकणारा पदार्थ काही दशकांत मरतो, पण रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं. म्हणजे काटा विझलेला दिसतो आणि किरणोत्सर्ग चालूच असतो. लिलावातून किंवा भंगारातून असा लष्करी मीटर मिळाला तर तो उघडू नका, खरवडू तर मुळीच नका.

आता एलईडी. डोळ्यांना दिसणारा तांबडा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये केला. लख्ख निळ्यासाठी १९९३ उजाडावं लागलं. तो जपानच्या शुजी नाकामुरांचा. निळ्यावर फॉस्फरचा थर दिला की पांढरा मिळतो, म्हणून या कामाला अकासाकी आणि अमानो यांच्यासह २०१४ चं नोबेल मिळालं. बाजारातल्या स्वस्त पांढऱ्या एलईडीत निळा अंश भरपूर असतो. ज्या रंगाने डोळे दिपतात, नेमका तोच.

म्हणून भिलाईच्या मित्रांना माझं सांगणं असं की आधी जुनाच दिवा पूर्ण ताकदीने पेटतोय का ते बघा. फिलामेंटच्या बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर प्रकाश जवळजवळ तीस टक्के कमी होतो. जुन्या जीपमध्ये हे व्होल्टेज बहुतेक वेळा अर्थिंगमध्ये मरतं. मीटरचा डबा जिथे बॉडीला टेकतो, तिथला गंज आणि रंग पॉलिश पेपरने काढा, होल्डर साफ करा, काळे पडलेले बल्ब बदला. डब्याच्या आतला पांढरा रंग पिवळा पडला असेल तर नवा हात द्या. माझ्या मते अर्धी तक्रार इथेच संपते.

तरीही एलईडी हवाच असेल, तर उबदार पिवळसर घ्या. पूर्ण तांबडा नको, कारण मीटरवरच्या लाल खुणा लाल उजेडात दिसेनाशा होतात. गाडी सहा व्होल्टची आहे की बाराची, ते आधी तपासा. एलईडीला उलटसुलट चालत नाही. पेटला नाही तर फिरवून लावा. लँड रोव्हरच्या सुरुवातीच्या मॉडेलांसारख्या गाड्यांत तर बॉडीला पॉझिटिव्ह जोडलेलं असतं. डॅशबोर्डचा उजेड कमी-जास्त करणारा जुना तारेचा रेग्युलेटर असेल, तर तो एलईडीवर जवळपास चालतच नाही, कारण एलईडी करंटच फार कमी घेतो.

आणि चार्जिंगचा लाल दिवा आहे तसाच ठेवा. अल्टरनेटर बसवलेल्या बऱ्याच गाड्यांत सुरुवातीचा करंट याच बल्बमधून अल्टरनेटरला मिळतो. तिथे नुसता एलईडी टाकला तर गाडी सुरू होते, दिवेही लागतात, पण बॅटरी चार्ज होत नाही. काही तासांनी गाडी भर रस्त्यात मरते आणि मेकॅनिक आधी बॅटरीला दोष देतो.

काम झाल्यावर तपासणी टाउनशिपच्या दिव्यांखाली करू नका, तिथे सगळंच बरं दिसतं. गाडी शहराबाहेर काढा, रस्ता सोडून बाजूला उभी करा, हेडलाइट बंद ठेवून फक्त मीटरचे दिवे चालू ठेवा आणि वीस-पंचवीस मिनिटं बसा. मग मीटरवर एक नजर टाकून लगेच समोरच्या काचेतून बाहेर पाहा. झाडांचे आकार दिसत राहिले तर उजेड बरोबर आहे. काचेत डॅशबोर्डच दिसला, तर एक-दोन बल्ब काढून टाका.