वारीची वाट आणि औषधाची चिठ्ठी

भगिनींनो, आषाढ जवळ आला की आपल्या मोहन्यातूनही काही जणी वारीची पिशवी भरू लागतात. लुगडी, टाळ, चादर, दशम्या सर्व आठवणीने घेतले जाते. परंतु औषधाची आठवण बहुधा शेवटी होते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने वारीच्या वाटेवरील औषधपाण्याचा थोडा इतिहास आपल्यापुढे ठेवावा असे मनात आले.

आळंदी ते पंढरपूर ही वाट सुमारे अडीचशे किलोमीटरांची. मुक्काम रोज नवा, पाणीही रोज नवे. पूर्वी वारकरी बाईच्या कनवटीला सुंठ, ओवा, हळद, हिंग यांची पुरचुंडी असे, आणि तेच तिचे औषधालय. पोटदुखी, सर्दी, ठेच यांना ते पुरे पडे. पटकीपुढे मात्र ते दुबळे ठरे. १८१७ साली बंगालात उसळलेली पटकीची साथ दुसऱ्याच वर्षी मुंबई इलाख्यात पोहोचली. पुढे शंभर-सव्वाशे वर्षे यात्रा आणि पटकी यांची जणू जोडीच झाली. ज्या नदीत लाखो माणसे स्नान करीत, तेच पाणी पिण्यासाठी भरले जाई. यात्रेकरू घरी परतत ते पुष्कळदा रोग घेऊन, आणि मग गावोगाव मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेला जाई. त्या भोळ्या लोकांना हसण्याचे कारण नाही. रोगाचे खरे कारण तेव्हा त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

१८८४ मध्ये रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने कलकत्त्यात पटकीच्या जंतूचा निर्णायक शोध लावला. डॉ. हाफकिन यांनी पटकीची लस १८९२ मध्ये प्रथम स्वतःला टोचून घेतली व पुढील वर्षी ते हिंदुस्थानात आले. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने आजही उभी आहे. विहिरींत लाल औषध व पुढे ब्लीचिंग पावडर पडू लागली. स्वातंत्र्याच्या आगेमागे पंढरीच्या यात्रेकरूंना पटकीची टोचणी सक्तीची झाली. माझ्या सासूबाई सांगत, “दंड सुजायचा, अंगात कणकण यायची, तरी टोचणीचा कागद आम्ही पदराच्या गाठीला जपून बांधत असू.” ती लस काही महिनेच उपयोगी पडे आणि साथीचा फैलावही तिने थांबत नसे. म्हणून १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशोदेशींच्या प्रवासासाठी या टोचणीचा दाखला मागणे बंद केले.

खरा आधार मिळाला तो साध्या मीठ-साखरेच्या पाण्याचा. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी फैलावली व शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यातून पाजावयास दिले, आणि ते पाजण्याचे काम रोग्यांच्या आयाबहिणींनीही केले. शंभरातील सुमारे तीस मृत्यूंचे प्रमाण चाराच्याही खाली आले. एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे माप प्रत्येकीने पाठ करावे. चमचा चहाचा घ्यावा, आणि मीठ कधीही जास्त घालू नये.

आज पालखीबरोबर फिरते दवाखाने असतात, रुग्णवाहिका असतात. पटकीची दहशत ओसरली. परंतु रक्तदाब आणि मधुमेह आता आपल्याबरोबर चालतात. हे रोज गोळी मागणारे आजार आहेत. येथे माझी एक चूक सांगते. काही वर्षांमागे मी आणि माझ्या जाऊबाई वारीला निघालो. रक्तदाबाच्या गोळ्या दहाच दिवसांच्या आहेत असे त्या म्हणाल्या. मी म्हटले, “चला हो, वाटेत मिळतील!” फलटणला गोळ्या संपल्या. चिठ्ठी घरी राहिलेली. दुकानदाराने चिठ्ठीवाचून गोळी दिली नाही, आणि नियमाप्रमाणे त्याचे बरोबरच होते. दुसऱ्या दिवशी बरडच्या वाटेवर जाऊबाईंना भोवळ आली. फिरत्या दवाखान्यातील डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, तो फार वाढलेला होता. “कोणती गोळी घेता?” असे त्यांनी विचारले. जाऊबाई म्हणाल्या, “बारीक, पांढरी.” पांढऱ्या गोळ्या का थोड्या असतात! अखेर मुलाने घरून फोनवर जुन्या वेष्टनावरील नाव वाचून दाखविले, तेव्हा औषध मिळाले. पांडुरंगाने राखले, परंतु माझी जीभ मला अजून बोचते.

तेव्हा निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे. गोळ्या पंचवीस दिवसांच्या घ्याव्यात, कारण परतीलाही दिवस लागतात. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. कंपनीचे नाव गावोगाव बदलते. चिठ्ठीच्या दोन प्रती मेणकापडात गुंडाळून एक आपल्याजवळ व एक सोबतिणीजवळ ठेवावी. इन्सुलिन उन्हात ठेवू नये. आणि उपवास असला तरी डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळी सोडू नये.

सासूबाईंनी टोचणीचा कागद पदराला बांधला, आपण औषधाची चिठ्ठी बांधू या. मंडळाच्या वर्धापनदिनी प्रत्येक वारकरी भगिनीची चिठ्ठी तपासून देण्याचे काम आपणच अंगावर घेतले, तर ती विठ्ठलाचीच सेवा होईल.