रानपिंगळ्याच्या नोंदी : एक खरी, एक बनावट

हिवाळा लागला की पाणथळींवर व माळरानांवर दूरदेशीचे पक्षी उतरतात. आणि त्यांच्यामागोमाग 'अमुक पक्षी अमुक ठिकाणी प्रथमच दिसला' अशा वार्ता जिल्ह्याजिल्ह्यांतील पक्षिनिरीक्षकांकडून येऊ लागतात. अशा वार्तेला इतिहासाच्या साधनाचे मोल केव्हा येते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. रानपिंगळा स्थलांतर करणारा पक्षी नव्हे; तथापि त्याच्या दोन प्रमुख नोंदी हिवाळ्यातीलच असून, त्याच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर सापडते.

डिसेंबर 1872 मध्ये फ्रान्सिस ब्लुइट याला आजच्या छत्तीसगडमधील फुलझर परिसरात एक लहानसे घुबड मिळाले. अॅलन ह्यूम याने 1873 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध करून त्यास ब्लुइटचे नाव दिले. पुढे 1877 मध्ये व्हॅलेंटाईन बॉल याला ओडिशातील खरियार भागात दुसरा नमुना मिळाला. त्यानंतर मुंबई इलाख्यातील मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन याने सातपुड्याच्या पायथ्याशी, खानदेशातील शहादा-तळोदा भागात, आणखी काही नमुने गोळा केले. 1884 नंतर मात्र हा पक्षी जणू नाहीसा झाला.

अपवाद एकच होता. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहॅगन याच्या संग्रहातील एका नमुन्याच्या चिठ्ठीवर 1914 हे वर्ष आणि गुजरातमधील मांडवी हे स्थळ लिहिलेले होते. माइनर्ट्झहॅगनचा लौकिक मोठा असल्याने ही नोंद ग्राह्य धरली गेली. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या अधिकारी अभ्यासकांनीही या पक्ष्याचा शोध घेतला. परंतु तो निष्फळ ठरला. या शोधांची दिशा काही अंशी त्या चिठ्ठीनेच ठरविली होती.

पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी त्या नमुन्याची बारकाईने तपासणी केली आणि 1999 मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तो नमुना मुळात डेव्हिडसनचा होता. ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहातून तो चोरून, नव्याने भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावण्यात आली होती. कातडे भरण्याची डेव्हिडसनची विशिष्ट पद्धत मात्र त्यात शिल्लक राहिली होती, आणि तिनेच हे बिंग फोडले.

खोटी नोंद बाजूला सारल्यावर जुन्या अस्सल चिठ्ठ्यांवरील स्थळे तेवढी उरली. त्यांचा मागोवा घेत रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट हे नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या डोंगरात पोहोचले. 25 नोव्हेंबरच्या सकाळी, भर उजेडात, एका झाडावर रानपिंगळा बसलेला त्यांना दिसला. नेहमीच्या पिंगळ्याहून त्याचा माथा कमी ठिपक्यांचा आणि शेपटीवरील पट्टे ठळक असल्याची खातरजमा करून, त्यांनी त्याचे चित्रणही केले. हा पक्षी 113 वर्षांनंतर पुन्हा नोंदला गेला होता, आणि तोही डेव्हिडसनने सांगितलेल्याच मुलखात. त्यानंतर मेळघाटात, आणि 2014 मध्ये मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातही तो आढळला. आंतरराष्ट्रीय सूचीत 2018 मध्ये 'अतिसंकटग्रस्त' या वर्गातून त्यास 'संकटग्रस्त' या वर्गात आणण्यात आले.

या वृत्तान्तावरून असे दिसते की, बनावट नोंदीने होणारी हानी त्या एका असत्यापुरती मर्यादित राहत नाही. ती नंतरच्या शोधकांना चुकीच्या रानात पाठविते. आणि तेथे पक्षी न आढळल्यास तो नष्टच झाला, असे मानण्याचा धोका उत्पन्न होतो. नष्ट मानलेल्या पक्ष्याच्या रानाचे रक्षण करण्यास कोणी पुढे येत नाही. उलटपक्षी, स्थळ, काळ आणि लक्षणे प्रामाणिकपणे टिपणारी एखादी साधी चिठ्ठी शतकानंतरही वाट दाखविते. आज हिवाळ्यात अनोळखी पक्षी पाहून वहीत नोंद करणाऱ्या निरीक्षकाने कर्नलच्या लौकिकापेक्षा डेव्हिडसनची चिठ्ठी डोळ्यांसमोर ठेवावी, हे उचित होय.