पाच पिअर्स आणि एक ठेव

घर हलवताना आपण आधी देव बांधतो. जबलपूरच्या पिअर्स या अँग्लो-इंडियन कुटुंबाने स्वातंत्र्याच्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या पर्थला जाताना हॉकी बांधून नेली! सेस, मेल, एरिक, गॉर्डन, ज्युलियन असे पाचही भाऊ नव्या देशाकडून खेळले. (आमच्याकडे पाच भाऊ एकत्र येतात ते कोर्टात!) १९५६ साली ऑस्ट्रेलियाचा हॉकी संघ ऑलिंपिकमध्ये प्रथमच उतरला, त्यात तिघे पिअर्स. एरिक तर चार ऑलिंपिक खेळला. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने आपल्याला २-१ हरवलं. १९२८ पासून सोनं नाहीतर रुपं आणणारे आपण प्रथमच कांस्यावर आलो. त्या ऑस्ट्रेलियन संघातही तिघे पिअर्स होतेच! बँकेच्या भाषेत सांगायचं तर, ठेव इथली, व्याज तिकडे जमा. पण खातेदाराला ‘आपला’ म्हणायला आपणच उशीर केला, तर तक्रार कुठल्या खिडकीवर करणार?