हाकेचे उत्तर : दिल्लीच्या शिकारपरंपरेतील एक दुर्लक्षित दुवा

शिकारीच्या इतिहासात शस्त्रांची वर्णने विपुल आढळतात. धनुष्य, भाला, तोडेदार बंदूक यांची स्थित्यंतरे अभ्यासकांनी तपशिलाने नोंदवली आहेत. आवाजाची मात्र तशी दखल घेतली गेलेली नाही. वस्तुतः जनावराच्या हाकेची नक्कल करून त्याला जवळ आणणे ही शिकारीची अतिशय जुनी पद्धत होय. शस्त्र आणि हाक यांच्यात एक मूलभूत भेद आहे. शस्त्राचे लक्ष्य शिकारी ठरवतो. हाकेला उत्तर कोण देईल, हे ठरवणे त्याच्या हाती नसते. या अनिश्चिततेतच शिकारकथांतील अकल्पित भेटींचे मूळ आहे, आणि शिकाऱ्याच्या नैतिक अस्वस्थतेचेही.

दिल्लीचा परिसर या दृष्टीने विशेष लक्षणीय ठरतो. अरवलीची शेवटची खडकाळ रांग येथे यमुनेला येऊन भिडते. खुरटे रान, नदीकाठचे पाणगवत आणि पलीकडची माळराने यांमुळे हरिण, तित्तिर, लावा यांना येथे मुबलक आसरा होता. फिरोजशहा तुघलकाने (कारकीर्द १३५१–१३८८) या टेकडीवर शिकारीसाठी वास्तू उभारल्या. मालचा महाल, भूली भटियारी का महाल, पीर गैब यांचे अवशेष आजही उभे आहेत. पुढे मोगल बादशहांच्या काळात पालमचे माळरान हे काळविटांच्या शिकारीचे राखीव ठिकाण बनले. आज त्याच पालमवर विमानतळ आहे.

या शिकारीचे शास्त्र अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आईन-ए-अकबरी’त नोंदवले. चित्त्यांचा थाट तेथे आहेच. परंतु ग्रंथातील अधिक कुतूहलाचा भाग आवाजाच्या युक्त्यांचा आहे. लावे पकडणारा रात्री अरुंद तोंडाच्या मातीच्या भांड्यात फुंकर घालून घुबडासारखा घुत्कार काढी. भयभीत लावे एकत्र गोळा होत. मग दुसरा माणूस पेटत्या गवताची पेंढी फिरवून त्यांचे डोळे दिपवी. एका पद्धतीत शिकारी ढालीच्या किंवा टोपलीच्या आड दिवा लपवून घंटा वाजवी, आणि प्रकाश व नाद यांच्या ओढीने जनावरे बाणाच्या टप्प्यात येत. तित्तिरासाठी पिंजऱ्यात पाळीव तित्तिर ठेवून भोवती केसांचे फासे मांडले जात. पाळीव पक्षी ओरडू लागला की रानातले तित्तिर कोणी सख्यासाठी, कोणी झुंजीसाठी धावून येत आणि अडकत. लावा भयाने, हरिण कुतूहलाने, तित्तिर सख्याने वा वैराने मारला जाई. नक्कल करणाऱ्याला प्राण्याचा केवळ आवाज नव्हे, त्याचे मनही ओळखावे लागे.

काळ्या तित्तिराच्या हाकेत उत्तर हिंदुस्थानातील लोकांना ‘सुभान तेरी कुदरत’ हे शब्द ऐकू येतात. ईश्वराच्या निर्मितीची स्तुती म्हणून जी हाक ऐकली गेली, तीच स्वजातीयांना फाशात ओढण्यासाठी वापरली गेली. हा विरोध भारतीय कथापरंपरेने फार पूर्वीच हेरला होता. पाली तित्तिरजातकात पारध्याने पाळलेला एक तित्तिर आहे. आपल्या ओरडण्याने आपले बांधव मरतात, हे उमजून तो मौन धरतो. पारधी बांबूने त्याच्या डोक्यावर मारतो, आणि वेदनेने तो ओरडतो तेव्हा इतर पक्षी धावून येतात. या पापाचा धनी कोण, असा त्याचा प्रश्न आहे. तपस्वी झालेला बोधिसत्त्व उत्तर देतो, की ज्याचे मन पापात गुंतलेले नाही त्याला त्याचा लेप लागत नाही. या निवाड्याने तित्तिराची सुटका होते. पारध्याची होत नाही.

शिकारी स्वतः कसा गाठला जातो, याचा जहांगिराच्या आत्मवृत्तातील प्रसंग सर्वपरिचित आहे. १६१० साली बारीच्या रानात चित्त्यांसह शिकार चालू होती. दिवस कलला असता अनुप राय या सेवकाला एका झाडावर पक्षी बसलेले दिसले. बोथट बाण घेऊन तो त्यांच्या रोखाने गेला, तो समोर अर्धवट खाल्लेला बैल, आणि जवळच्या झुडपातून उठणारा सिंह. बादशहा तेथे आला. गोळी झाडली गेली. चवताळलेला सिंह चालून आला. अनुप रायने हातातल्या काठीने त्याला अडवले, स्वतःचे हात त्याच्या जबड्यात गेले तरी झुंज सोडली नाही. शाहजादा खुर्रमने तलवार चालवली. अनुप रायला ‘अनीराय सिंहदलन’ हा किताब मिळाला, आणि त्याच्या नावाचे अनुपशहर आज राजधानी क्षेत्रातील बुलंदशहर जिल्ह्यात गंगेच्या काठी आहे. येथे हाकेची नक्कल कोणी केली नव्हती. परंतु रानाच्या एका खुणेमागे जाणाऱ्यासमोर अनपेक्षित असे काय उभे राहू शकते, हे या घटनेत उघड होते.

हाक आणि धोका यांचा पूर्ण मेळ दिसतो तो दिल्लीच्या ईशान्येस, कुमाऊंच्या डोंगरांत. नोव्हेंबर १९३८ मध्ये ठाक गावाच्या नरभक्षक वाघिणीमागे जिम कॉर्बेट होता. वाघीण जोडीदारासाठी साद घालत होती. कॉर्बेटने नराच्या आवाजात उत्तर दिले. संधिप्रकाश सरत असताना ती उत्तरे देत जवळ येत गेली, आणि अगदी थोड्या अंतरावर त्याने गोळी झाडली. येथे शिकारी आणि सावज यांच्या भूमिका अदलाबदल होण्याच्या टोकाशी आल्या होत्या. माणसांना मारणाऱ्या वाघिणीला त्याने आपल्याकडे बोलावले होते, आणि तेही तिच्याच प्रणयाच्या भाषेत.

या विद्येचे खरे वारसदार मात्र दरबारी नव्हते. महाराष्ट्रापासून उत्तरेपर्यंत विखुरलेल्या पारधी समाजाने फासे आणि पक्ष्यांचे आवाज यांचे ज्ञान पिढ्यानपिढ्या जपले. बादशहाच्या छावणीत जे कौशल्य कलेच्या मोलाचे ठरले, तेच बाळगणारा हा समाज १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांच्या कचाट्यात सापडला. तो शिक्का कायद्याने पुसला गेला तो १९५२ साली. त्यानंतर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दिवस संपवले. प्राण्यांच्या दृष्टीने ते अनिवार्य होते. पण ज्यांची उपजीविका गेली त्यांच्या ज्ञानाचे काय करायचे, हा प्रश्न मागे राहिला.

त्याचे एक उत्तर अनपेक्षित दिशेने आले. १८८४ नंतर जिची विश्वसनीय नोंद नव्हती, ती रानपिंगळ्याची जात नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात पुन्हा दिसली. पुढे तिच्या शोधासाठी अभ्यासकांनी ध्वनिमुद्रित हाका रानात ऐकवल्या आणि उत्तरांवरून पक्ष्यांचा माग काढला. पद्धत तीच, जुन्या पारध्याची. हेतू मात्र उलटा. तरीही जुना पेच सुटलेला नाही. यंत्रातून निघालेली हाकदेखील खोटीच असते, आणि वारंवार फसवला गेलेला पक्षी आपल्या हद्दीच्या रक्षणात व्यर्थ शक्ती खर्च करतो.

दिल्लीच्या दक्षिणेस असोला-भाटीच्या अभयारण्यात अलीकडच्या काळात स्वयंचलित कॅमेऱ्यांनी बिबटे टिपले आहेत. सुलतानपूरच्या पाणथळीभोवती आणि यमुनेकाठच्या गवतात काळा तित्तिर अजून ओरडतो. हरियाणाने त्याला राज्यपक्ष्याचा मान दिला आहे. ज्या भूमीत त्याची हाक शतकानुशतके फाशासाठी वापरली गेली, तेथे ती आता त्याची स्वतःची आहे. तिला उत्तर देण्याचा अधिकार दुसऱ्या तित्तिराचा; माणसाने ती ऐकावी, एवढेच उरते.