दुखऱ्या टाचेची बखर

राजांच्या बखरी लिहिल्या गेल्या, लढायांच्या लिहिल्या गेल्या. परंतु टाचेची बखर कुणी लिहिल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. वास्तविक राजेरजवाड्यांचे खलिते ज्यांनी रानावनांतून पोचवले, ते जासूद आणि हरकारे टाचांच्याच जोरावर धावत होते. खलित्यात काय लिहिले होते ते इतिहासाने जपून ठेवले. तो नेणाऱ्याचा पाय मुरगळला तेव्हा त्याचे पुढे काय झाले, हे मात्र कुणी टिपून ठेवले नाही. दिवाळीच्या फराळाबरोबर ही उपेक्षित बखर थोडीशी उलगडावी, असे मनात आले.

मी राहतो ते काठी हे गाव सातपुड्यात, अक्कलकुवा तालुक्यात आहे. एकेकाळी पश्चिम खानदेशातील मेवासी संस्थानांपैकी हे एक. काठीचे नाव बाहेरच्या जगात निघते ते वर्षातून एकदा, राजवाडी होळीच्या निमित्ताने. रात्रभर ढोल वाजतात, कमरेला घुंगरे बांधलेले आणि डोक्याला मोरपिसे लावलेले नवसकरी पहाटेपर्यंत नाचतात, आणि शहरातून आलेले पाहुणे तोंडात बोट घालून म्हणतात, "काय काटक माणसे आहेत हो ही! यांना ना थंडी, ना दुखणे!"

हे ऐकले की मला बरे वाटत नाही. स्तुती आहे खरी. पण या स्तुतीत एक गैरसमज दडलेला आहे. डोंगरातल्या माणसाचे पाय जन्मतःच धावण्यासाठी घडलेले असतात, त्यांना शिक्षणाची गरज नाही, विश्रांतीची नाही आणि औषधोपचाराची तर मुळीच नाही, असा तो गैरसमज. आमच्या शेजारच्या डाब परिसरात कडाक्याच्या हिवाळ्यात गवतावरचे दव गोठून पांढरे होते. त्या थंडीत दुखरा पाय आम्हालाही दुखतोच.

या गैरसमजाचे उत्तर इतिहासात सापडते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याची स्थापना 1906 साली झाली. 1919 च्या सुमारास तेथील शर्यतींना सर दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून हजर होते. शेतात राबणारी तरुण पोरे अनवाणी पायांनी कठीण जमिनीवरून लांब पल्ल्याच्या शर्यती धावताना त्यांनी पाहिली, आणि या मुलांना ऑलिंपिकला पाठवावे हा विचार तेथून मूळ धरून वाढला. 1920 साली बेल्जममधील अँटवर्प येथे भारतातून जो लहानसा चमू गेला, त्यात बेळगावकडचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे मॅरेथॉन धावणारे होते.

त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, म्हणजे 42.75 किलोमीटरची होती. ऑगस्टचा महिना असूनही हवा थंड आणि पावसाळी होती. फिनलंडच्या हान्नेस कोलेहमाइनेनने ती 2 तास 32 मिनिटे 35.8 सेकंदांत जिंकली. आपले चौगुले 2 तास 50 मिनिटे 45.4 सेकंदांत एकोणिसावे आले. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही.

वाचकहो, या दोन आकड्यांमध्ये अठरा मिनिटांचे अंतर आहे. ही अठरा मिनिटे केवळ पायांच्या बळाची होती असे मला वाटत नाही. कोलेहमाइनेन बर्फाच्या देशात वाढलेला, लहानपणापासून बर्फावरून घसरत जाण्याचा व्यायाम केलेला, आणि 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके मिळवून आलेला गडी होता. त्याच्या मागे अनुभव होता, शिस्त होती, परंपरा होती. आपल्या माणसांच्या मागे उन्हातली कठीण जमीन आणि हिंमत, एवढेच होते. तेवढ्या भांडवलावर चौगुल्यांनी एकोणिसावा क्रमांक मिळवला, हे पराक्रमाचेच काम. पण ज्याला आपण काटकपणा म्हणतो, तो शिक्षणाची जागा घेऊ शकत नाही, हेही त्यातून दिसते.

अनवाणी धावण्याचे कौतुक सांगताना इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचे नाव हमखास निघते. 1960 साली रोममध्ये त्याने अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकली, हे सगळ्यांना पाठ असते. 1964 साली टोकियोत तो पुन्हा जिंकला, तेव्हा त्याच्या पायांत बूट होते, हे फारच थोड्यांना आठवते. त्याहून नवलाची गोष्ट अशी, की त्याआधी पाच-सहा आठवड्यांपूर्वीच त्याची अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली होती. उलट उदाहरणही आहे. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक बर्फात जड लष्करी बूट घालून सराव करी. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये (ज्यात आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले) त्याने तीन सुवर्णपदके पटकावली. परंतु 1956 साली हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर थोड्याच आठवड्यांत तो मेलबर्नची मॅरेथॉन धावला आणि सहावा आला. शस्त्रक्रिया दोघांचीही झाली, दोघेही लवकर उठले. एकाला सुवर्ण मिळाले, दुसऱ्याला सहावा क्रमांक. तेव्हा थोरांच्या उदाहरणावरून दुखण्यात धावावे की धावू नये, याचा निकाल लागत नाही. तो निकाल लावायला वेगळीच माणसे लागली, आणि ती पदकवाली नव्हती.

1978 साली अमेरिकेचे डॉक्टर गेब मर्किन यांनी दुखापतीवर एक चतुःसूत्री सांगितली: विश्रांती घ्या, बर्फ लावा, पट्टी बांधा, पाय उंच ठेवा. ती जगभर वेदवाक्यासारखी चालली. पुढे 2014 साली त्याच मर्किनसाहेबांनी जाहीर केले, की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी दुखणे बरे होण्यास उलट उशीर लागू शकतो. आपलेच सूत्र आपणच खोडायला मोठे मन लागते.

आता बखरीतला माझा आवडता अध्याय. उत्तर स्वीडनमध्ये उमेओ नावाचे शहर आहे. हिवाळा तिथे कायमचा पाहुणा म्हणावा इतका लांबतो. तेथील हाकन आल्फ्रेडसन या अस्थिवैद्याची स्वतःचीच टाचेमागची जाड शीर फार दुखे. गोष्ट अशी सांगतात, की शस्त्रक्रिया करा म्हणून त्याने वरिष्ठांना विनवले, आणि एवढ्याशा दुखण्यासाठी आम्हाला तुमची रजा परवडायची नाही, म्हणून त्यांनी नकार दिला. तेव्हा चिडून, ही शीर एकदाची तुटूच दे म्हणजे शस्त्रक्रिया करावीच लागेल, असा विचार करून त्याने तिच्यावर मुद्दाम भार टाकायला सुरुवात केली. शीर तुटायची राहिली बाजूला, ती बरी झाली!

मग 1998 साली त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी पंधरा हौशी धावणाऱ्यांवर हा उपाय करून पाहिला. सरासरी वय चव्वेचाळीस, म्हणजे माझ्याच वयाची मंडळी. विश्रांती, औषधे, बूट बदलणे, सारे करून थकलेली. उपाय साधा: पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहायचे, आणि दुखऱ्या पायाची टाच सावकाश पायरीखाली उतरवायची, वर येताना चांगल्या पायाचा आधार घ्यायचा. पंधरा वेळा, अशा तीन फेऱ्या गुडघा सरळ ठेवून आणि तीन गुडघा किंचित वाकवून. दिवसातून दोनदा, बारा आठवडे, एकही खाडा न करता. दिवसाला एकशे ऐंशी वेळा झाले. थोडे दुखले तरी चालेल. दुखेनासे झाले की पाठीवर ओझे घ्यायचे. बारा आठवड्यांनी पंधराच्या पंधरा जण पूर्वीसारखे धावू लागले. पुढील संशोधनात प्रत्येकाला इतका गुण आला नाही, हे खरे. पण शीर हळूहळू वाढणाऱ्या भाराने सुधारते, हे तत्त्व टिकून राहिले.

हा अध्याय मला पुस्तकात बंद ठेवता आला नाही. आमच्याकडे हौशी धावणारे म्हणजे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे. पुरुषांना सोळाशे मीटर धावावे लागते. जानेवारी 2023 मध्ये मैदानी चाचण्या ऐन थंडीत झाल्या होत्या, तेव्हापासून पहाटे अंधारात रस्त्यावर पावले वाजतात. गेल्या हिवाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी लंगडत शाळेत आला. टाचेमागची शीर सकाळी दगडासारखी होई. सोबती सांगत, "पळत राहा, पळून पळून सुटेल." घरचे सांगत, खाटेवर पड. व्यायामोपचाराचा माणूस गाठायचा तर देवगोईचा घाट उतरून जावे लागते, आणि रोजंदारी बुडते ती वेगळीच.

"गुरुजी, बसलो तर भरती जाईल," तो म्हणाला, "आणि पळालो तर पाय."

एवढ्या दोन वाक्यांत त्याने संबंध प्रश्न मांडला. मी म्हणालो, "अरे, तिसरी वाट आहे. आधी घाट उतरून डॉक्टरांना एकदा दाखव. शीर तुटलेली नाही ना, ते कळू दे." दोन दिवसांची मजुरी बुडवून तो दाखवून आला. मग शाळेच्या पायरीवर उमेओचा पाठ सुरू झाला. पहाटेचा अंधार सोडून ऊन चढल्यावर यायचे. थंडीत हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, अंग ताठरते, म्हणून आधी दहा मिनिटे नुसते चालायचे. पाचव्या आठवड्यात त्याने लहान भावाचे दप्तर पाठीला लावले. पुढे त्यात भगरीची पिशवी आली. मधल्या काळात तो धावला नाही असे नाही. थोडे धावणे, थोडे चालणे असे करी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टाच काय म्हणते ते पाहून पुढचे ठरवी. सोबती हसत. होळीपर्यंत हसू थांबले. त्या रात्री तो घुंगरे बांधून पहाटेपर्यंत नाचला, आणि आठवड्याभराने सोळाशे मीटर न थांबता धावला. भरतीत यश येईल की नाही हे मैदान ठरवील. पण दुखण्यापायी मैदानाबाहेर राहायची पाळी त्याच्यावर आली नाही.

काठीच्या होळीकडेही मी आता निराळ्या दृष्टीने पाहतो. नवसकरी त्या रात्री एकदम उठून नाचत नाही. आधी काही दिवस तो पाळणी पाळतो, खाटेवर निजत नाही, खाण्यावागण्याचे नियम सांभाळतो. पाहुण्यांना दिसते ती एक रात्र; तिच्यामागची शिस्त दिसत नाही. तिलाच ते काटकपणा म्हणतात.

दिवाळी सरली की थंडी वाढेल. तुमच्यापैकी कित्येक जण मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर नवे बूट घालून धावू लागतील, आणि जानेवारीपर्यंत काहींच्या टाचा कुरकुरतील. तेव्हा घाबरून खाट धरू नये, आणि दात-ओठ खाऊन पळूही नये. जाणत्याला पाय दाखवावा आणि घरातली एखादी पायरी गाठावी. आणि सुट्टीत सातपुड्याकडे आलात, तर आमच्या पोरांना काटक म्हणण्याआधी एवढे विचारा, की बाबा, तुझा पाय दुखतो तेव्हा तू कुठे जातोस?