लेकीच्या कानावर आलेली गाणी

ऑक्टोबर १९७८. लीला अबू-लुघद ही अमेरिकेतली तरुण संशोधक इजिप्तच्या पश्चिम वाळवंटात अवलाद अली या बदू जमातीत राहायला निघाली. वडील इब्राहिम अबू-लुघद म्हणाले, मीही येतो. ते जाफा शहरात जन्मलेले पॅलेस्टिनी, तर आई अमेरिकन. अभ्यासाला जाताना बापाचं बोट धरायचं, याचा लीलाला संकोचच वाटला.

बदूंना मात्र त्यातच सगळं कळलं. आपल्या गावातली म्हातारी विचारते ना, 'कुणाची गं तू?' तसंच ते. बिनलग्नाची मुलगी परमुलखात एकटी आली असती, तर घरच्यांनी टाकलेली असंच त्यांनी धरलं असतं. बाप सोबत आला, म्हणजे मुलगी घरंदाज. शिवाय अरब आणि मुसलमान. यजमानांनी तिला लेकीसारखं घरात घेतलं.

लेक झाली तशी लेकीची बंधनंही आली. लांब कपडे, वडीलधाऱ्यांपुढे अदब, एकटीनं फिरणं नाही. पुरुषांच्या बैठकीत सुरुवातीला तिला बसता येई, पण तिथलं बोलणं बेतशीर. हळूहळू ती बायकांतच रमली. गंमत अशी, की बैठकीतल्या खबरा पोरांकरवी आत येत; आतल्या मात्र बाहेर जात नसत.

आणि आत होता घिन्नावा. दोन तुकड्यांची इवलीशी कविता. लीला काही कविता गोळा करायला गेली नव्हती. ती सतत कानावर येऊ लागली. नवऱ्यानं दुसरी बायको आणली तरी 'मला काय त्याचं!' म्हणणारी बाई जिवलगांत बसली, की घिन्नाव्यातून तिचं दुखणं बोलून जाई. पुरुषही असे घिन्नावे म्हणत. पण बायकांनी लीलाला बजावलं होतं, आमची गाणी पुरुषांना सांगायची नाहीत.

१९८६ साली 'व्हेल्ड सेंटिमेंट्स' हे तिचं पुस्तक आलं. माणसांची नावं बदललेली, गाणी मात्र छापलेली. पुस्तक मोलाचं आहे, तरी कवी म्हणून मला ती ताकीद अजून टोचते. गाण्याला नाव नसलं, तरी दुखणं कुणाचं तरी असतंच.

आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटेवां यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमल्या. गावातल्या बायकांनीच त्या गायल्या. जात्यापाशी पुरुषाला कोण बसू देतं?

मी मुसलमान आहे, कविताही करतो. पण अवलाद अलींकडे माझी सोय बैठकीतच झाली असती. मेंढरं, पाऊसपाणी आणि सोयरिकी यांवर मला पुष्कळ ऐकायला मिळालं असतं.